नर्मदेतले मासे कोणाचे?

मागच्या अंकात सरदार सरोवराच्या काठावरील गावांविषयी चार ओळी आल्या होत्या. त्या वाचून एका वाचकभगिनींनी पत्र पाठवले. ‘एवढा मोठा जलाशय आहे, त्यात मासे भरपूर असणार, मग काठावरचा माणूस गरीब का?’ असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. उत्तर लिहायला बसले तेव्हा ते पोस्टकार्डात मावेना, म्हणून हा लेख. मी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या काठाच्या गावांत मच्छीमार सहकारी संस्थांच्या वह्या आणि हिशेब लावून देण्याच्या कामाने जात-येत असते. मासा पकडणे मला येत नाही. पण पकडलेल्या माशाचे पुढे काय होते, हे वहीत पाहून पाहून थोडे कळू लागले आहे.

आधी नदी समजून घेऊ. अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा १३१२ किलोमीटर वाहून भरूचच्या पुढे समुद्राला मिळते. त्यातले १०७७ किलोमीटर मध्य प्रदेशात आणि १६१ किलोमीटर गुजरातमध्ये आहेत. मधला तुकडा आपला. पण तोही पूर्ण आपला नाही. ३५ किलोमीटरपर्यंत नर्मदा ही महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांची सीमा आहे आणि त्यापुढे ३९ किलोमीटर महाराष्ट्र आणि गुजरात यांची. म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा एकच काठ आला आहे, दक्षिणेचा. आपल्या पावरा, भिल, तडवी बांधवांच्या घरासमोर जे डोंगर दिसतात ते दुसऱ्या राज्यातले. नात्यागोत्याला ही सीमा कधी आडवी आली नाही, सोयरिकी पलीकडे होतातच. माशांना तर ती ठाऊकच नाही. ती आडवी येते ती कागदावर.

धरण झाल्यावर ही वाहती नदी २०० किलोमीटरहून अधिक लांबीचा जलाशय झाली. महाराष्ट्रातली ३३ गावे त्यात बाधित झाली, गुजरातची १९ आणि मध्य प्रदेशची १९० हून अधिक. नदीकाठची काळी जमीन, जंगल, पायवाटा हे सगळे खाली गेले आणि वर पाणी आले. पुष्कळ कुटुंबे पुनर्वसनात खाली सपाटीला गेली. काही डोंगरावर सरकून तिथेच राहिली. जे राहिले त्यांना शेतीच्या जागी काय, हा प्रश्न रोज सकाळी पडतो. त्याचे समोर दिसणारे उत्तर म्हणजे मासा.

आता कागदाचे बघू. नर्मदेच्या पाण्याचा तंटा सोडवण्यासाठी १९६९ साली लवाद नेमला गेला आणि त्याचा निवाडा १९७९ च्या डिसेंबरात आला. त्यात पाण्याची वाटणी झाली आहे. २८ दशलक्ष एकर-फूट पाणी धरून मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५० आणि महाराष्ट्राला ०.२५. विजेचीही वाटणी आहे. मध्य प्रदेशला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७, गुजरातला १६. पाण्याचा थेंब आणि विजेचा युनिट यांचा हिशेब इतका काटेकोर आहे. माशांसाठी मात्र एकच कलम आहे. जलाशयाचा जो भाग ज्या राज्याच्या बुडालेल्या जमिनीवर आहे, त्या भागातील मासेमारी, नौकानयन आणि जलवाहतुकीचे हक्क मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्याकडेच राहतील. अट इतकीच, की त्यामुळे प्रकल्पाच्या कामाला बाधा येता कामा नये.

हे कलम आपल्या माणसांच्या उपयोगाचे आहे, यात मला शंका नाही. ते नसते तर बुडालेली जमीन गुजरातकडे गेली तसा तिच्यावरचा मासाही गेला असता. पण कलम तिथेच थांबते. हक्क राज्याचा आहे, असे ते सांगते. राज्याने तो कोणाला द्यावा, हे सांगत नाही. आणि तीन तुकड्यांत फिरणाऱ्या एकाच माशाची देखभाल तीन राज्यांनी मिळून कशी करावी, हेही सांगत नाही. वाचकभगिनींच्या प्रश्नाचे उत्तर या दोन रिकाम्या जागांत आहे.

पहिल्या रिकाम्या जागेत बहुधा ठेकेदार येऊन बसतो. पद्धत अशी असते. सरकार किंवा त्याचे महामंडळ जलाशयाचा लिलाव करते. जो जास्त बोली लावतो त्याला काही वर्षांसाठी मासेमारीचा ठेका मिळतो. तो काठावरच्या लोकांना जाळी आणि नावेसाठी उचल देतो. उचल घेतली की मासा त्यालाच घालायचा, तो ठरवील त्या दराने. बाजारात त्या माशाला कितीही भाव येवो, पकडणाऱ्याला किलोमागे मजुरी मिळते. आणि ज्याने ठेकेदाराला न घालता चार मासे घरी नेले, तो चोर ठरतो. ज्याचे शेत त्या पाण्याखाली आहे, त्याने त्याच पाण्यातला मासा खाल्ला तर चोरी! हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते भाषणातले वाटले होते. वह्या पाहिल्यावर तसे वाटत नाही.

याला पर्याय उभा राहिला होता, आणि तोही याच नर्मदेच्या खोऱ्यात, याच सातपुड्यात. म्हणून त्याची हकिगत जरा सविस्तर सांगते.

तवा ही नर्मदेची मोठी उपनदी. मध्य प्रदेशात इटारसीजवळ तिच्यावर धरण झाले आणि १९७० च्या दशकात ४४ गावे उठली. गोंड आणि कोरकू समाजाची ही गावे. याच टापूतल्या काही गावांना दारूगोळ्याचा कारखाना आणि तोफांच्या चाचणीचे मैदान यांसाठीही उठावे लागले. ही माणसे मुळातली शेतकरी, मच्छीमार नव्हेत. जमीन गेल्यावर पाण्यात उतरून ती मासेमारी शिकली. जलाशय आधी सरकारी महामंडळाकडे होता, मग १९९४ च्या सुमारास तो खासगी ठेकेदाराकडे गेला. लोकांनी आंदोलन केले. केसला येथील किसान आदिवासी संघटनेने ते चालवले. मागणी साधी होती. पाण्याखाली आमच्या जमिनी आहेत, तर पाण्यातला मासा आमच्या सहकारी संस्थांना द्या.

डिसेंबर १९९६ मध्ये पाच वर्षांसाठी तो हक्क मिळाला. गावोगावच्या प्राथमिक संस्थांचा मिळून तवा मत्स्य संघ झाला. त्याआधी महामंडळाच्या काळात वर्षाकाठी शंभर टनांच्या आतबाहेर मासा निघत असे. संघाकडे कारभार आल्यावर पहिल्या पूर्ण वर्षात तो २४५ टनांच्या आसपास गेला आणि १९९९-२००० मध्ये ३९० टनांच्या वर. यात जादू काही नव्हती. संघाने दरवर्षी मत्स्यबीज सोडले. पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवली आणि ती बंदी खरोखर पाळली गेली, कारण राखण करणारे आणि पकडणारे एकाच गावचे होते. नाव-जाळ्यासाठी सभासदांना संघाकडून कर्ज मिळाले. मासा बर्फात घालून दूरच्या बाजारांत, अगदी कोलकात्यापर्यंत पाठवला गेला. मजुरीशिवाय वर्षाअखेरीस बोनस वाटला गेला. सरकारला त्याचे स्वामित्वशुल्कही मिळत राहिले.

२००१ मध्ये हक्काची मुदत आणखी पाच वर्षांनी वाढली. ती डिसेंबर २००६ मध्ये संपली आणि पुन्हा वाढली नाही. जलाशयाचा काही भाग सातपुडा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो, वन्यजीव कायद्याने तिथे मासेमारी चालणार नाही, असे कारण पुढे आले. दहा वर्षे उत्तम चाललेली संस्था. हिशेब चोख, उत्पादन वाढते, स्थलांतर कमी झालेले. पण हातात होता तो केवळ मुदतीचा ठेका.

यात एक योगायोग आहे, तो मला फार बोचतो. ज्या डिसेंबर २००६ मध्ये तव्याची मुदत संपली, त्याच महिन्याच्या २९ तारखेला वनहक्क कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्या कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये सामूहिक हक्कांत मासे आणि जलाशयातील इतर उत्पादने स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहेत. कायदा लागू झाला तो ३१ डिसेंबर २००७ पासून. म्हणजे ज्या हक्काला मुदत नसते तो कागद तयार होत होता, आणि मुदतीचा कागद त्याच वेळी संपत होता. म्हणून आमच्या भागातल्या संस्थांना मी नेहमी सांगते, ठेका किंवा परवाना मिळाला तर जरूर घ्या, पण ग्रामसभेचा सामूहिक दावाही सोबत दाखल करा. दाव्यात जंगल, डिंक, चारोळी, मोह सगळे लिहिले जाते आणि मासा राहून जातो. मासा लिहायला विसरू नका. अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलस्रोतांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले आहे. मोठ्या जलाशयाला ते थेट लागू होत नाही, पण त्याला येऊन मिळणारे ओढे-नाले आणि तिथले डोह यांना ते नक्की लागू होते. हे ओढे का महत्त्वाचे, ते पुढे येईल.

तव्यासारखेच जबलपूरजवळच्या बरगी जलाशयातही झाले होते. १६२ गावे बाधित झाली, विस्थापितांच्या ५४ संस्थांचा संघ झाला आणि १९९४ मध्ये त्यांना मासेमारीचा हक्क मिळाला. तोही टिकला नाही. दोन्ही ठिकाणी लोक अनुत्तीर्ण झाले असे कोणी म्हणू शकत नाही.

आता दुसरी रिकामी जागा, म्हणजे तीन राज्यांचा एकत्र कारभार. इथे माशाचे जीवन थोडे समजून घ्यावे लागते.

आपल्या जलाशयात जो मासा बाजाराच्या दृष्टीने मोलाचा आहे तो कटला, रोहू आणि मृगळ. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. म्हणून तिघे एकत्र नांदतात. या तिघांची एक खोड आहे. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. पावसाळ्यात पहिले पूर आले, ओढ्यानाल्यांचे गढूळ पाणी जलाशयात घुसू लागले, की हे मासे त्या प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात आणि उथळ, वाहत्या पाण्यात अंडी सोडतात. वर्षातून एकदाच. आमच्या उदई नदीसारख्या ज्या नद्या सातपुड्यातून उतरून नर्मदेला मिळतात त्यांची तोंडे म्हणजे या माशांची बाळंतिणीची खोली. नेमक्या त्याच वेळी, त्याच तोंडाशी जाळे लावले तर एका रात्रीत भरपूर मासा मिळतो, कारण तो दाटीने चढत असतो. आणि पुढच्या दोन वर्षांचा मासा त्याच रात्री संपतो.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते, ती यासाठीच. पण कल्पना करा, एका काठाने दोन महिने जाळी वाळत टाकली आणि समोरच्या काठाने नाही. पाणी एकच, मासा एकच. मागे एका बैठकीत एका वयस्कर पावरा काकांनी हेच विचारले. ‘ताई, आम्ही सोडलेला मासा पोहत तिकडे जाणार. तिकडचा त्याला धरून विकणार. मग आमच्या पोरांनी दोन महिने उपाशी का राहायचं?’ बैठकीत शांतता पसरली. खात्याचे जे अधिकारी आले होते त्यांनी बंदीचे फायदे पुन्हा सांगितले. पण काकांना फायदे ठाऊक होते, ते विचारत होते ते वेगळेच. फायदा होईल, पण कोणाचा? सगळ्या काठांना एकच नियम असल्याशिवाय या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

जाळ्याच्या घराचेही तसेच. जाळ्याच्या चौकोनाला मच्छीमार ‘आस’ म्हणतात. आस मोठा असला की लहान मासा निसटतो, मोठा तेवढा अडकतो. आस बारीक केला की बोटभर पिल्लूही सुटत नाही. रोहू साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंड्यावर येतो. त्याआधीच तो पाव-अर्धा किलोचा असताना धरला तर त्याने एकदाही वंश वाढवलेला नसतो, आणि बाजारात लहान माशाला दरही कमीच मिळतो. दोन्हीकडून नुकसान. पण बारीक जाळे स्वस्त मिळते आणि घरात आज तेल-मीठ लागते. समोरच्या काठावर बारीक आस चालू आहे असे दिसले, की या काठावरही आठवडाभरात तीच जाळी येतात. यात कोणाला वाईट म्हणता येत नाही. मासा उद्यापर्यंत ठेवला तर तो दुसऱ्याचा होईल, अशी भीती असली की शहाणा माणूसही आजच धरतो.

मत्स्यबीज सोडण्याचे गणित याहून अवघड आहे. नदीवर वर इंदिरासागर, ओंकारेश्वर अशी धरणे एकामागून एक झाल्याने मासा मोकळा वर-खाली जाऊ शकत नाही. नैसर्गिक पैदास घटते आणि दरवर्षी बाहेरून बीज आणून सोडावे लागते. अंड्यातून नुकतेच निघालेले ते मत्स्यजिरे, जिऱ्याएवढे म्हणून जिरे. ते वाढून बोटाएवढे झाले की बोटुकली. जलाशयात बोटुकलीच सोडावी लागते, चांगली तीन-चार इंचांची, कारण तिथे शिवडा, मरळ, शिंगाळा असे मासेखाऊ मासे टपलेले असतात. जिरे सोडणे म्हणजे त्यांना जेवण वाढणे. बोटुकली वाढवायला तळे, खाद्य आणि दोन-तीन महिने लागतात, म्हणून ती महाग पडते. आता हा खर्च कोणी करायचा? एका राज्याने लाखो बोटुकली सोडली आणि ती वाढून दुसऱ्या राज्याच्या पाण्यात गेली, तर पुढच्या वर्षी पहिल्या राज्याचा लेखापाल विचारणारच, आपण कोणासाठी खर्च करतो? आणि उलटही होते. एका काठावर कोणी तिलापियासारखा भराभर वाढणारा परका मासा सोडला, तर तो सगळ्या जलाशयाचा प्रश्न होतो. एकदा पाण्यात गेला की परत काढता येत नाही.

मग पाण्याची पातळी. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे आणि सर्वांत खाली ११०.६४ मीटरपर्यंत पाणी उतरवता येते. म्हणजे अठ्ठावीस मीटरचा चढउतार, नऊ मजली इमारतीएवढा. जलाशय पूर्ण क्षमतेने पहिल्यांदा भरला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. पाणी कधी चढवायचे, कधी उतरवायचे, हे वीज आणि कालवे यांच्या गरजेवर ठरते. मासेमारीचा त्यात विचार नसतो. पाणी झपाट्याने उतरले की काठाच्या उथळ भागातली अंडी आणि पिल्ले कोरडी पडतात, नावा चिखलात रुततात, लावलेले जाळे बुडालेल्या झाडांच्या खोडांत फाटते. चढले की काल संध्याकाळी बांधलेली नाव सकाळी सापडत नाही. मगरी आहेत त्या वेगळ्याच. जाळ्यातला मासा खाताना त्या जाळेही फाडतात. त्यांच्याशी करार करता येत नाही. पण पाणी सोडणाऱ्यांशी करता येतो. पाणी उतरवण्याआधी चार दिवस काठावरच्या संस्थांना एक संदेश पाठवायला काही खर्च येत नाही.

हे सगळे पाहणारी यंत्रणा नवी काढावी लागेल असेही नाही. निवाड्याप्रमाणे १९८० पासून नर्मदा नियंत्रण प्राधिकरण आहे, त्याचे कार्यालय इंदूरला आहे. चारही राज्ये त्यात आहेत. पाण्याची मोजदाद आणि पुनर्वसन हे विषय तिथे येतात. त्याच टेबलावर वर्षातून एकदा मासा का येऊ नये? बंदीच्या एकसारख्या तारखा, जाळ्याचा एकच किमान आस, बीजाचा खर्च वाटून घेणे आणि त्याची एक सामाईक नोंद, पातळीची पूर्वसूचना; एवढे चार विषय ठरले तरी पुष्कळ झाले. पण त्या बैठकीत केवळ तीन खात्यांचे अधिकारी बसले तर त्यातून आदेश निघेल आणि तो काठावर येईपर्यंत विरघळेल. तव्याची बंदी पाळली गेली ती आदेशामुळे नव्हे. तिन्ही काठांवरच्या संस्थांचे प्रतिनिधी तिथे हवेत, हे माझे ठाम मत आहे.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणाला वाटेल. आग्नेय आशियात मेकाँग नदीच्या खालच्या खोऱ्यातले कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम हे चार देश १९९५ साली एका करारावर आले आणि त्यांनी नदीसाठी एक आयोग नेमला. या देशांची एकमेकांशी युद्धे झालेली आहेत. तरी मासे किती, कुठे अंडी घालतात, कोणत्या महिन्यात स्थलांतर करतात, याचा अभ्यास तिथे मिळून होतो. तिथेही धरणांवरून भांडणे आहेत आणि आयोगाला कोणाला अडवण्याचा अधिकार नाही, तेव्हा त्याचे फार गोडवे गाऊ नयेत. पण चार देशांना एकत्र मोजता येते, तर एकाच देशातल्या तीन राज्यांना का नाही, एवढे तरी विचारता येते.

खोऱ्याचा विचार करताना एक घटक सगळेच विसरतात, आम्हीही विसरत होतो. धरणाच्या खाली भरूचपर्यंत राहणारे मच्छीमार. समुद्रातला हिलसा, बंगालचा जो इलिश तोच, पावसाळ्यात नदीच्या मुखातून गोड्या पाण्यात चढून अंडी घालतो. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी नेमके उलटे करते; ती राहते नदीत, पण पिल्लांना खारट-मचूळ पाणी लागते म्हणून अंड्यांसह मुखाकडे उतरते. दोघांनाही नदी वाहती हवी. धरणाखाली सोडायच्या पाण्याचे प्रमाण ६०० क्युसेक धरले गेले होते, आणि एवढ्याने समुद्राचे खारे पाणी मागे हटत नाही, अशी तिथल्या मच्छीमारांची तक्रार वर्षानुवर्षे आहे. आता मुखाजवळ भाडभूत येथे बंधाराही होत आहे. आमच्या काठावरच्या माणसाचे आणि भरूचच्या माणसाचे दुःख एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आहे. दोघांची भेट मात्र कधी झालेली नाही.

आता आमच्या काठाविषयी. गेल्या काही वर्षांत विस्थापित आदिवासींनी इथे मच्छीमार सहकारी संस्था उभ्या केल्या आहेत. संस्था नोंदणे हे सोपे काम, कागद जमवले की होते. अवघड आहे ते वजनकाट्यापासून पुढचे. सकाळी नावा लागतात तेव्हा मासा संस्थेच्या काट्यावर यायला हवा, व्यापाऱ्याच्या नव्हे. सभासदाच्या डोक्यावर व्यापाऱ्याची जुनी उचल असेल तर तो काट्यावर येतच नाही. आडवाटेने जातो, आणि त्याला लाज वाटते म्हणून बैठकीलाही येणे सोडतो. त्यामुळे संस्थेचे पहिले काम मासा विकणे नाही, ही उचल फेडून सभासदाला मोकळे करणे आहे, असे मला वाटते. समजा, एका घराची उचल आठ हजार आहे आणि संस्था किलोमागे दहा रुपये कापून घेते. आठशे किलो मासा काट्यावर आला की तो माणूस मोकळा. हे गणित मी फळ्यावर मांडते तेव्हा बायका आधी मान डोलावतात. घरखर्च त्यांना ठाऊक असतो.

बर्फाचा प्रश्न याहून बिकट आहे. पाण्याच्या कडेच्या गावांत बर्फाचा कारखाना नाही. काही गावांना आजही नावेनेच जावे लागते. दवाखानाही तिथे तरंगत येतो. उन्हाळ्यात दुपारपर्यंत मासा विकला गेला नाही तर तो पडेल भावाने द्यावा लागतो, आणि व्यापाऱ्याला हे पक्के माहीत असते. तो मुद्दाम उशिरा येतो. त्यावर आमच्याकडच्या बायकांनी काढलेला मार्ग म्हणजे उरलेला मासा चिरून, मीठ लावून वाळवणे. सुक्या माशाला आठवडी बाजारात गिऱ्हाईक आहे आणि व्यापाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. फार पैसा त्यातून येतो असे नाही. पण ‘नाही देत जा’ असे एकदा म्हणता आले, की दुसऱ्या दिवशी व्यापारी वेळेवर येतो.

यंदाच्या उन्हाळ्यात एका संस्थेने वहीत एक रकाना वाढवला. तारीख, सभासदाचे नाव, माशाची जात, वजन, दर यांच्या पुढे आता ‘गाभोळी’ असा रकाना आहे. मादीच्या पोटात अंडी असली की तिथे फुली मारायची. ही कल्पना काट्यावर बसणाऱ्या मुलीची, ती बारावी झालेली आहे. मे महिन्यात फुल्या तुरळक होत्या, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पानभर झाल्या. बंदीच्या तारखा आमच्या काठाला कोणत्या हव्यात, हे सांगणारे आमच्याजवळचे हे पहिले कागद. समोरच्या काठावरच्या लोकांना ते दाखवून त्यांच्या वहीतही असाच रकाना घालता येईल का, हे विचारायला संस्थेचे तिघे जण पाऊस ओसरला की नावेने पलीकडे जाणार आहेत.